गाडी बुक करताना कानांनाही विचारा

नवी गाडी घ्यायचे ठरले की घरात महिनाभर दुसरा विषय नसतो. पेट्रोल की सीएनजी, पांढरी की राखाडी, ॲव्हरेज किती, दसऱ्याला मिळेल की धनत्रयोदशीपर्यंत थांबावे लागेल, यावर शेजारीपाजारीही मत देऊन जातात. आमच्याकडे लाखनीला दोन वर्षांपूर्वी असेच झाले. नागपूरच्या एका शोरूममध्ये आम्ही अडीच तास बसलो. त्यातले बहुतेक सगळे किंमत, हप्ता आणि रंग यांत गेले. गाडीत ऐकायची सोय काय आहे, हे मी अगदी उठता उठता विचारले. विक्रेता मुलगा हसून म्हणाला, ‘‘सर, टच स्क्रीन आहे. त्यात सगळंच येतं.’’ मी सही केली.

गाडी मिळाली त्या दिवशी परत येताना भंडाऱ्याला वैनगंगेचा पूल ओलांडला आणि मागे बसलेले बाबा म्हणाले, ‘‘नागपूर लाव गा.’’ बाबांचे नागपूर म्हणजे आकाशवाणीचे नागपूर केंद्र, मध्यम लहर, ५८५ किलोहर्ट्झ. मी पडद्यावर बोटे फिरवली. एफएम होते, ब्लूटूथ होते, यूएसबी होते. मध्यम लहर, म्हणजे ज्याला आपण एएम म्हणतो, ती मात्र कुठेच नव्हती. मग मी खिशातून पेन ड्राइव्ह काढला. बाबांच्या चाळीस कॅसेटी माझ्या मुलीने मोठ्या खटपटीने त्यात उतरवल्या होत्या. राष्ट्रसंतांची भजने, गावच्या दंडारीचे रेकॉर्डिंग आणि एका कॅसेटच्या शेवटी माझ्या दिवंगत आईच्या आवाजातली भुलाबाईची गाणी. पेन ड्राइव्ह समोरच्या खाचेत लावला. काहीच झाले नाही. ती खाच फक्त मोबाईल चार्ज करण्यापुरती होती. ‘‘काहून, नाही वाजत का?’’ एवढे विचारून बाबा लाखनीपर्यंत गप्प बसले.

शोरूमला दोष देता येईल. पण खरे तर मी नीट विचारलेच नव्हते. पूर्वी ते विचारण्याची फारशी गरजही नव्हती. वीस वर्षांपूर्वी गाडी घेतली की टेप बाहेरून बसवायचा, हा रिवाजच होता. डॅशबोर्डमधली जागा ठरलेल्या मापाची असे. १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच, हे मूळचे जर्मन माप. त्याच्या दुप्पट उंचीला दुकानदार ‘डबल डिन’ म्हणतात. एक डेक काढला, दुसरा सरकवला, चार वायरी जोडल्या की काम झाले. आता तसे राहिलेले नाही. पडद्याची चौकट डॅशबोर्डच्या आकारात ओतलेली असते. मागचा कॅमेरा, स्टिअरिंगवरची बटणे, कधी दरवाजाच्या लॉकच्या आणि दिव्यांच्या सेटिंगही त्याच यंत्रातून चालतात. तो पडदा काढणे म्हणजे गाडीच्या मज्जासंस्थेला हात घालणे. म्हणून गाडीत काय ऐकता येईल, हे आता बुकिंगच्या टेबलावरच ठरते. नंतर हळहळण्यापेक्षा आधी दहा मिनिटे खर्च केलेली बरी.

सुरुवात यंत्रापासून करू नये, घरातल्या माणसांपासून करावी. गाडीत कोण बसणार आणि कोणाला काय ऐकायचे आहे? आमच्या घरी बाबांना आकाशवाणी हवी, पत्नीला फोनवरची कीर्तने आणि जुनी नाट्यगीते हवीत, मुलीला इंटरनेटवरची गाणी हवीत, आणि मला गाडी चालवताना फोन हातात न घेता बोलता आले पाहिजे. या चार गरजा म्हणजे चार निरनिराळ्या वाटा आहेत. ‘टच स्क्रीन’ ही पाचवी वाट नव्हे. ती नुसती पाटी आहे. पाटी दहा इंची असली म्हणून वाट सापडतेच असे नाही.

पहिली वाट रेडिओची. एफएम आणि मध्यम लहर या दोन्ही रेडिओच्याच लहरी असल्या तरी त्यांचे वागणे वेगळे आहे. विविध भारतीसारखे केंद्र एफएमवर १०० मेगाहर्ट्झच्या आसपास लागते, तेव्हा तिची लहर जेमतेम ३ मीटर लांब असते. ती उजेडासारखी बऱ्याच अंशी सरळ जाते. पृथ्वीचा बाक, टेकड्या, उंच इमारती आड आल्या की अडते. आवाज स्वच्छ, पण पल्ला साधारण पन्नास-साठ किलोमीटरचा. नागपूरहून लाखनी सुमारे ८५ किलोमीटर आहे. म्हणून शहरात खणखणीत वाजणारे स्टेशन महामार्गावर पूर्वेकडे येऊ लागले की खरखरू लागते. ५८५ किलोहर्ट्झची लहर मात्र जवळजवळ ५१३ मीटर लांब असते. जुने श्रोते केंद्रांची ओळख मीटरमध्ये सांगत, ती याच लांबीवरून. ही लहर जमिनीला धरून, बाकाबरोबर वळत पुढे जाते. आवाज थोडा जाडाभरडा येतो, विजा कडाडल्या की कडकडतो, पण धानाच्या बांधावर बसूनही ऐकू येतो.

म्हणून शोरूममध्ये ‘रेडिओ आहे का’ असे विचारू नये. ‘एएम आहे का, ते लावून दाखवा’ असे म्हणावे. काही नव्या मॉडेलमध्ये फक्त एफएम देतात. विजेवर चालणारी गाडी घेणार असाल तर आणखी एक गोष्ट पाहावी. तिच्या मोटारीला वीज पुरवणारा इन्व्हर्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो आणि त्यातून निघणारा विद्युत गोंगाट नेमका मध्यम लहरीच्या पट्ट्यात घुसतो. परदेशातल्या काही कंपन्यांनी याच कारणाने विजेच्या गाड्यांतून एएम काढून टाकले. अमेरिकेत तर प्रत्येक गाडीत एएम ठेवणे सक्तीचे करावे, यासाठी २०२३ मध्ये तिथल्या संसदेत विधेयक मांडले गेले. कारण सरळ होते. वादळ, पूर, आग अशा वेळी मोबाईलचे मनोरे मुके होतात, तेव्हाही दूरवर बोलत राहणारा तो आवाज असतो. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगेचे पाणी भंडारा शहरात शिरले होते. ते दिवस ज्यांनी पाहिले, त्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

अर्थात दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपल्या देशातही मध्यम लहरीवरची प्रक्षेपणे हळूहळू कमी होत आहेत आणि भर एफएमवर दिला जात आहे. तेव्हा केवळ एएमसाठी महागडे मॉडेल घेण्याआधी आपल्या गावी घरच्या ट्रान्झिस्टरवर आपले केंद्र स्वच्छ लागते का, हे पाहून घ्यावे. प्रसार भारतीच्या ‘न्यूज ऑन एअर’ या मोबाईल ॲपवर आकाशवाणीची दोनशेहून अधिक केंद्रे ऐकता येतात. फोन गाडीला जोडला की तेच केंद्र गाडीत येते. मात्र त्याला नेटवर्क लागते आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना दर वेळी कोणाला तरी सांगावे लागते, ‘बाबू, लावून दे.’ रेडिओचे बटण ते स्वतः फिरवू शकत होते. हा फरक लहान वाटला तरी लहान नाही.

दुसरी वाट यूएसबीची. माझी फसगत इथेच झाली. दिसायला सारख्या असल्या तरी यूएसबीच्या खाचा दोन प्रकारच्या असतात. एक फक्त वीज देते, दुसरी वीज देते आणि माहितीही वाहून नेते. गाणी दुसरीतूनच वाजतात. पुष्कळ गाड्यांत समोर दोन खाचा असतात आणि त्यातली एकच बोलकी असते. मागच्या सीटसाठी दिलेल्या खाचा तर बहुधा चार्जिंगच्याच असतात. काही ठिकाणी खाचेजवळ बॅटरीचे किंवा सुरावटीचे छोटे चिन्ह असते. ते पाहावे. आता नव्या गाड्यांत टाइप-सी ही लहान, लंबगोल खाच येऊ लागली आहे. आपला जुना चपटा पेन ड्राइव्ह तिच्यात बसत नाही. त्यासाठी जोडतुकडा घ्यावा लागतो किंवा दोन्ही टोकांचा पेन ड्राइव्ह.

पेन ड्राइव्हची भाषाही गाडीला समजावी लागते. संगणकावर तो ‘फॉरमॅट’ करताना ‘फॅट ३२’ हा जुना प्रकार निवडला तर बहुतेक गाड्या तो वाचतात. ‘एनटीएफएस’ हा प्रकार अनेक गाड्यांना वाचता येत नाही. गाण्यांच्या फाइली एमपी-थ्री प्रकारात असाव्यात. जागेची चिंता नको. साधारण दर्जाच्या एमपी-थ्रीला एका मिनिटाला सुमारे १ एमबी जागा लागते. म्हणजे एका तासाच्या चाळीस कॅसेटी अडीच जीबीमध्ये मावतात. चार जीबीचा जुना पेन ड्राइव्हही पुरतो. फाइलींना नावे देताना आधी ०१, ०२ असे आकडे घालावेत, म्हणजे कीर्तनाचा उत्तररंग पूर्वरंगाच्या आधी वाजत नाही. काही यंत्रांत देवनागरी अक्षरांऐवजी रिकामे चौकोन दिसतात, तेव्हा तीही परीक्षा शोरूममध्येच करावी.

नेटवर्क नको, फोन नको, जोडणी नको, लावले की वाजले, हा या वाटेचा गुण. ज्यांच्या घरी जुन्या कॅसेटी पडून आहेत, त्यांनी तर ही वाट सोडू नये. फीत जुनी झाली की चिकटते आणि तुटते. त्यातला आवाज पुन्हा कोणी म्हणून देणार नसतो.

तिसरी वाट ब्लूटूथची. १९९० नंतरच्या दशकात हे तंत्र घडवणाऱ्यांनी त्याला दहाव्या शतकातल्या एका डॅनिश राजाचे टोपणनाव दिले. विखुरलेल्या टोळ्या त्याने जोडल्या, तशी ही लहर निरनिराळी यंत्रे जोडते म्हणून. फोन एकदा गाडीशी जोडला की पुढे गाडीत बसताच आपोआप जोडला जातो. इथे एक बाब लक्षात ठेवावी. ब्लूटूथवर गाणी पाठवण्याची रीत वेगळी आणि फोनवरचे बोलणे पाठवण्याची रीत वेगळी. अगदी साध्या डेकमध्ये यांपैकी एकच असू शकते. तेव्हा ‘ब्लूटूथ आहे’ एवढ्यावर समाधान न मानता एक गाणे वाजवून पाहावे आणि एक फोन लावून पाहावा. पलीकडच्या माणसाला विचारावे, ‘माझा आवाज नीट येतो का?’ गाडीतला माइक कुठे बसवला आहे, यावर ते अवलंबून असते आणि दालनात उभ्या असलेल्या गाडीत सगळे छानच ऐकू येते. म्हणून ही परीक्षा टेस्ट ड्राइव्हच्या वेळी, काचा लावून, एसी सुरू ठेवून, गाडी वेगात असताना शेजारी बसलेल्याने करावी.

हे चोचले नाहीत. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात गाडी चालवताना फोन हातात धरणे हा धोकादायक वाहनचालनाचाच प्रकार मानला आहे. पहिल्या गुन्ह्यालाही १ हजार ते ५ हजार रुपये दंड किंवा कैद होऊ शकते. दंडापेक्षाही मोठा धोका रस्त्याचा आहे. आमच्याकडच्या महामार्गावर मुंबई-कोलकाता अशी जड वाहतूक रात्रंदिवस असते. तिथे पडद्यावर चार वेळा बोट दाबून आवाज कमी करण्यापेक्षा स्टिअरिंगवरचे एक बटण किंवा हाताला लागणारी एक गोल खुंटी लाखमोलाची. आवाजाची खुंटी पडद्यात चित्र म्हणून आहे की खरीखुरी आहे, हे जरूर पाहावे.

ब्लूटूथचा आणखी एक गुण कधी कधी दोष होतो. फोन जोडलेला असताना आलेला कॉल सगळ्या गाडीला ऐकू जातो. आमच्या एका नात्यातल्या लग्नाला जाताना मुलीकडचे पाहुणेच गाडीत होते आणि मुलाकडच्या काकांचा फोन आला. देण्याघेण्याचे जे बोलणे पाहुण्यांनी ऐकू नये, ते त्यांनी चारही स्पीकरमधून ऐकले. फोन जोडताना ‘संपर्क यादी घ्यायची का’ असे गाडी विचारते, तिथेही विचार करून होकार द्यावा. गाडी विकताना किंवा दुसऱ्याच्या ताब्यात देताना आपली यादी त्यातून पुसायला विसरू नये.

चौथी वाट ‘अँड्रॉइड ऑटो’ आणि ‘ॲपल कार प्ले’ यांची. २०१४-१५च्या सुमारास आलेल्या या सोयींमुळे फोनमधला नकाशा, गाणी, निरोप मोठ्या पडद्यावर दिसतात. ही सोय वायरने चालणारी असते किंवा बिनवायरी. बिनवायरी ऐकायला बरी वाटते, पण फोनचे ब्लूटूथ आणि वाय-फाय सतत चालू राहत असल्याने तो तापतो आणि बॅटरी लवकर उतरते. आमच्या मे महिन्याच्या उन्हात हे चांगलेच जाणवते. वायरवर फोन चार्जही होतो. दोन्ही असतील तर उत्तम. एकच मिळणार असेल तर लांबच्या प्रवासवाल्यांनी वायरला नावे ठेवू नयेत.

इंटरनेटवरच्या गाण्यांना तासाला ६० ते १०० एमबी डेटा लागतो, तो आता कोणाला जड नाही. जड जाते ते नेटवर्क. साकोलीच्या पुढे देवरीकडे जंगल लागले किंवा नागझिऱ्याच्या बाजूला वळलो की गाणे मध्येच अडखळते. आवडीची गाणी घरूनच फोनमध्ये उतरवून ठेवावीत. काही गाड्यांत कंपनीचेच सिमकार्ड असते. त्याची सेवा सुरुवातीची काही वर्षे मोफत आणि पुढे वर्गणी, असा प्रकार असतो. वर्गणी संपल्यावर नेमके काय बंद पडेल, हे विचारून घ्यावे.

जुनी ‘ऑक्स’ची गोल खाच मात्र आता दुर्मीळ होत चालली आहे. एका साध्या वायरीने कोणतेही यंत्र तिच्यात लावता येत असे. फोनमधूनही हेडफोनची खाच जाऊ लागल्याने कंपन्यांनी ती काढली. मिळाली तर चांगले. नाही मिळाली तर अडून बसू नये.

आता पैशांचे. आपल्याकडे ऐकण्याची सोय सुटी मिळत नाही. ती व्हेरियंटला बांधलेली असते. पडदा हवा म्हणून वरचे मॉडेल घ्यावे लागते. समजा, फरक ६० हजारांचा आहे. पाच वर्षांच्या कर्जावर ९ टक्क्यांनी त्याचा हप्ता महिन्याला सुमारे १,२४५ रुपये पडतो, म्हणजे शेवटी जवळपास ७५ हजार. पथकर आणि विमाही किमतीबरोबर वाढतो. त्या फरकात पडद्याबरोबर सुरक्षेच्या सोयीही मिळत असतील तर सौदा वाईट नाही. केवळ पडद्यासाठी असेल तर खालचे मॉडेल घेऊन बाहेरून डेक बसवण्याचा विचार करता येतो. मात्र तेव्हा मागच्या दारांत स्पीकरची वायरिंग आधीच दिली आहे का, हे विचारावे. दुकानदाराला ‘कपलर टू कपलर’ काम करायला सांगावे, म्हणजे कंपनीची वायर कापावी लागत नाही. वायर कापली आणि पुढे विजेचा बिघाड झाला, तर कंपनी वॉरंटी नाकारू शकते. दुरुस्तीचा तो खर्च वाचवलेल्या पैशांपेक्षा जास्त होऊ शकतो.

शेवटी, मी केले नाही ते आपण करावे. शोरूमला जाताना घरातले दोन फोन, एक वायर आणि एक भरलेला पेन ड्राइव्ह बरोबर न्यावा. ज्या व्हेरियंटची ऑर्डर द्यायची त्याच व्हेरियंटची गाडी दाखवायला सांगावी. दालनात उभी असते ती बहुधा सर्वांत वरची. एएम लावावे, पेन ड्राइव्ह वाजवावा, फोन लावावा, मागच्या सीटवर बसून ऐकावे. जे जे हवे ते बुकिंगच्या कागदावर शब्दांत लिहून घ्यावे आणि गाडी ताब्यात घेताना, पेढे वाटण्यापूर्वी, तीच यादी पुन्हा तपासावी. तोंडी शब्दाला पुढे कोणी वाली नसतो.

आमच्या गाडीचे काय झाले? मुलीने तिचा जुना फोन शोधून काढला, त्यात चाळीसही कॅसेटी भरल्या आणि तो ब्लूटूथने जोडून गाडीतच ठेवला. भुलाबाईची गाणी आता वाजतात. मध्यम लहर काही परत आली नाही. बाबा त्यांचा छोटा ट्रान्झिस्टर बरोबर घेतात. पत्र्याच्या गाडीत तो नीट लागत नाही, म्हणून शेतावर पोहोचलो की ते काच खाली करतात, ट्रान्झिस्टर बाहेरच्या बाजूला धरतात आणि बातम्या होईपर्यंत खाली उतरत नाहीत. मी गाडी बंद करून तेवढा वेळ शेजारी बसतो.